कोळसा, खडू आणि अब्बांचा डबा

आमच्या तेरखेड्यात कोळसा म्हटले की चित्र कोणाला आठवत नाही, फटाके आठवतात. सोलापूर-धुळे महामार्गाने येरमाळा मागे टाकून पुढे आलात की फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागतात. लोक या गावाला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. दिवाळीच्या आधी लांबलांबच्या गाड्या इथे थांबतात आणि ज्या घरांत दारूकाम चालते त्या घरांना त्या दिवसांत जेवायलाही सवड नसते. सोरा, गंधक आणि कोळसा या तिघांवर ही दारू उभी आहे. या तिघांतला सर्वांत गरीब जो कोळसा, त्याला आम्ही दोन वर्षांपूर्वी वर्गात आणले, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

आम्ही चित्रकलेचे शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नसला की तो तास ज्याच्या गळ्यात पडेल त्याने घ्यायचा, अशी रीत आहे. तो आमच्या गळ्यात पडला. शालेय वयात आम्ही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, एवढेच भांडवल. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या परीक्षा आपल्या घरांतल्या मुलामुलींनी जरूर द्याव्यात असे आम्हांला वाटते. इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5 आणि क ला 3. पालकांना चित्रकला समजावून सांगण्यापेक्षा हे आकडे सांगणे सोपे जाते, हा आमचा अनुभव. एलिमेंटरीला वस्तुचित्र असते आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. म्हणजे समोर चार वस्तू मांडलेल्या असतात, त्या जशा दिसतात तशा उतरवायच्या. फूल नाही, परी नाही, सूर्योदय नाही. मुलांना सगळ्यांत कंटाळवाणा वाटणारा हाच पेपर.

पण आपल्या घरांपुरते बोलायचे तर याच पेपरात एक सोय आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी, आठवीतली, हात फार चांगला. तिच्या दादीने वही पाहिली, त्यात एका बाईचा चेहरा होता, आणि "तस्वीरां काढनेको स्कूल भेजी क्या तेरेकू?" असे म्हणून वही पेटीत टाकली. मुलगी रडत आली. आम्ही दादीच्या वयाशी आणि तिच्या दीनदारीशी वाद घालायला गेलो नाही. चहा घेतला आणि एक गोष्ट तेवढी सांगितली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे हाताने चित्रे काढूनच पोट भरणारा एक माणूस आला होता, त्यांनी त्याला सजीवांच्या चित्रांपासून रोखले, पण काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात रूह नाही अशा वस्तू काढ, असे सांगितले. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. दादीने विचारले, "मग बधना काढला तर चालतो?" चालतो म्हटले. तिने स्वतःच पेटी उघडली. वहीबरोबर तांब्याचा जुना बधनाही बाहेर आला, तिच्या जहेजमधला. आमचे पहिले स्थिरचित्र त्याच बधन्याचे.

चेहऱ्यांच्या चित्रांबाबत आलिमांची मते वेगवेगळी आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. बधना, सुराही, कांदे, डाळिंब, भाकरीची टोपली यांवर कोणाचाच आक्षेप नाही, आणि चित्रकलेतली अवघड म्हणावी अशी जवळजवळ प्रत्येक गोष्ट या वस्तूंत आहे.

आता कोळसा. दुकानात चारकोलच्या काड्यांचे खोके मिळते, पण ते बार्शीहून किंवा सोलापूरहून आणायचे आणि वीस मुलांना वाटायचे म्हणजे खिशाला चाट. मग वाचनात आले की युरोपात द्राक्षवेलीच्या काड्यांचा कोळसा चित्रकार शतकानुशतके वापरत आले आहेत. द्राक्षवेल! आमच्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. इटलीच्या चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने सुमारे 600 वर्षांपूर्वी लिहिलेल्या पुस्तकात विलोच्या काड्या मडक्यात घालून, झाकण मातीने लिंपून, भटारखान्याच्या भट्टीत रात्रभर ठेवायला सांगितले आहे. आम्ही मडक्याऐवजी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेतला.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वाळलेल्या काड्या साल काढून, डब्याच्या उंचीच्या कापून, दाटीवाटीने भरायच्या. झाकणाला खिळ्याने एकच लहान भोक. डबा शेकोटीत ठेवायचा. आधी पांढरी वाफ निघते, मग पिवळट धूर. धूर पूर्ण थांबला की डबा पक्कडीने बाहेर काढायचा, भोकावर चिखलाचा गोळा दाबायचा आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. शेवटची अट आम्ही पहिल्या खेपेला पाळली नाही. मुले घेराव घालून बसली होती, आम्हांलाही राहवले नाही, कोमट झाला म्हणून झाकण उचकटले. आत हवा शिरली, काड्या लालबुंद झाल्या आणि पाहता पाहता मूठभर राख उरली. लाकूड हवेत जळले तर राख आणि हवेवाचून तापले तर कोळसा, हा विज्ञानाचा धडा त्या दिवशी सगळ्या वर्गाला कायमचा पाठ झाला. दुसऱ्या खेपेला काड्या अखंड निघाल्या. एकमेकींवर आपटल्या की बांगडीसारखा आवाज करणाऱ्या काड्या चांगल्या भाजल्या असे समजावे.

तुराट्यांचाही करून पाहिला. तो फार हलका होतो, बोटात मोडतो, पण मोठी सावली झटकन भरायला छान. तुरीच्या काड्यांचा कोळसा आपल्या देशात दारूसाठीही पूर्वीपासून वापरत आले आहेत. इथून पुढचे थोडे गंभीर आहे.

काड्या बनवण्याच्या त्या उद्योगानंतर आठवड्याने एका मुलाने कागदाची पुडी आणली. "सर, येकदम बारीक है, शेडिंगकू अच्छा पडेगा." काळी, मैद्यासारखी बारीक भुकटी. घरातली मोठी माणसे जिथे कामाला जातात तिथून कोणाच्या तरी कपड्यांबरोबर, डब्याबरोबर ती घरी आली असावी. निव्वळ कोळसा असेलही. पण त्यात सोरा किंवा गंधक मिसळलेले नाही हे कोण सांगणार? वर्गाच्या कोपऱ्यात खिचडी शिजवण्याचा गॅस होता. आमच्या पाठीतून घाम उतरला. आवाज न चढवता पुडी घेतली, बाहेर नेली आणि कागदासकट पाण्याने भरलेल्या बादलीत सोडली. मग मुलांना हात धुवायला लावले. त्या दिवशी चित्र झाले नाही. या गावाने स्फोट पाहिले आहेत, कोणत्या मुलाच्या घरात कोण भाजलेले आहे हे शिक्षकाला ठाऊक असते. तेव्हापासून वर्गाचा नियम एकच: कामाच्या जागेवरून आलेला कोळसा, भुकटी, सुतळी, कागदाची नळी, काहीही शाळेत आणायचे नाही, चित्राचा कोळसा फक्त आपल्या डब्यातल्या काड्यांचा. आणि काड्या भाजायच्या त्या दारूकामाच्या जागेपासून लांब, शेतात, मोठ्या माणसासमोर. दारूकामाच्या गावाबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे जास्त वाटेल. आमच्या गावातल्या वाचकांना वाटणार नाही.

मांडणीकडे वळू. दादीचा बधना, दोन कांदे, मागे मातीची सुराही, खाली घडी मोडलेला पांढरा दुपट्टा. खोलीतले दिवे बंद, एकच खिडकी उघडी. दोन दिशांनी उजेड आला की सावल्या एकमेकींना खातात आणि वस्तू चपट्या दिसतात, म्हणून हा हट्ट. कागदासाठी आम्ही वह्यांना घालतो तो खाकी कागद घेतला, त्याची खरखरीत बाजू वर. गुळगुळीत कागदावर कोळसा टिकत नाही. खाकीचा आणखी एक फायदा असा की मधला उजेड कागदच देतो. काळा कोळशाने, पांढरा खडूने आणि मधले सगळे कागदाच्या रंगाने. गरिबाला परवडणारे आणि दिसायला भारदस्त असे दुसरे तंत्र आम्हांला माहीत नाही.

मुले सुरुवातीला बधन्याची तोटी काढतात. तोटी आवडीची असते ना! तोटी सुंदर होते आणि बधना तिच्यामागे मावत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटे वस्तू काढायच्याच नाहीत. काडी आडवी धरून, हलक्या हाताने, सगळ्या मांडणीचा मिळून एकच आकार काढायचा, जणू त्यावर चादर टाकली आहे. हात लांब करून, एक डोळा मिटून, काडीवर अंगठ्याने माप घ्यायचे: सुराही बधन्याच्या किती पट, कांदा तोटीच्या खाली की वर. चुकले तर फडक्याने झटकले की कोळसा उडून जातो. पेन्सिलीने काढणाऱ्या मुलाला चूक खोडायची भीती वाटते, कोळशाने काढणाऱ्याला वाटत नाही. आमच्या मते कोळशाचा सर्वांत मोठा गुण हाच.

बधन्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात गोल काढतो. डोळ्यांना मात्र तो लंबगोल दिसतो, आणि डोळ्यांच्या पातळीला आणला तर नुसती रेघ. एका मुलाने आमच्याशी हुज्जत घातली की गोल ते गोलच. त्याला खाली बसवले, मग उभे केले, मग बाकावर चढवले. उतरल्यावर तो काही बोलला नाही, पण नवीन कागद मागितला.

मग डोळे किलकिले करायचे. किलकिल्या डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत, फक्त उजेड आणि अंधार दिसतो. सगळा अंधार एकाच सपाट थरात भरायचा: बधन्याची सावलीतली बाजू, तिची दुपट्ट्यावर पडलेली सावली, सुराहीमागचा कोपरा, सगळे एकमेकांत मिसळलेले. इथे मुले घाबरतात, कारण चित्र काही वेळ फारच घाण दिसते. ते तसेच राहू द्यावे. मग त्या अंधारातून उजेड खोडून काढायचा. सावलीतल्या बाजूला अगदी कडेशी एक मंद उजेड असतो, दुपट्ट्यावरून उसळून आलेला. तो दिसला आणि कागदावर आला की वस्तू एकदम गोल होते. मुलांच्या तोंडून "अरे!" निघते ते इथेच.

खोडण्यासाठी जुन्या युरोपीय चित्रशाळांत पावाचा मऊ गर वापरत, रबर यायच्या आधी. हे आम्ही घरी सहज बोललो. आमच्या अम्मींनी नुसते पाहिले. रिज्क आहे ते, खोडायला नाही. विषय तिथे संपला. आम्ही मळता येणारे खोडरबर आणले, आणि जिथे ते पुरले नाही तिथे धुतलेले मलमल. सगळे बोटांनी घासू नये, एवढे सांगतो. बोटाला तेल असते, कागद चिकट होतो आणि मग खडू बसत नाही.

खडू म्हणजे पेस्टल. इथे दुकानदार आणि पालक दोघेही फसतात. शाळेच्या यादीत असते ते ऑइल पेस्टल, मेणचट. ते कोळशावर चालवले की चिखल होतो, आणि त्यावर कोळसा तर उमटतच नाही. कोळशाचा सोबती कोरडा पेस्टल, ज्याला सॉफ्ट पेस्टल म्हणतात: रंगाची भुकटी, खडू आणि डिंकासारख्या चिकट पदार्थाचा अगदी थोडा अंश. दुकानात नाव वाचून घ्यावे. पूर्ण खोके घेण्याची गरज नाही. आम्ही चारच रंग घेतले: पांढरा, गेरू, पिवळट आणि एक निळसर करडा. फळ्याचा खडू पांढऱ्याच्या जागी चालवून पाहिला, पण तो फिका पडतो आणि कागदावरून घसरतो.

रंग भरायचा नाही, ठेवायचा. सगळ्या चित्रावर रंग फिरवला की कोळशाने कमावलेले सगळे जाते. कांद्याच्या उजेडातल्या अंगाला गेरू, त्यावर सालीच्या उभ्या रेघा कोळशाच्या टोकाने, सावलीत करड्याचा एक हात. तांब्याच्या बधन्याला उजेडाजवळ पिवळट, त्याच्या अगदी शेजारी चक्क काळा. धातू चमकतो तो या शेजारामुळे. मातीची सुराही तशी नाही, तिच्यावर उजेड हळूहळू विरतो. एकाच खिडकीत ठेवलेल्या दोन वस्तू उजेडाशी इतक्या वेगळ्या वागतात, हे आम्हांलाही चाळिशी ओलांडल्यावर नीट कळले. शेवटी पांढऱ्या खडूचा एक ठिपका, बधन्याच्या पोटावर. एकच. दुसरा ठिपका देण्याचा मोह आवरावा.

फ्रान्समध्ये शार्दां नावाचा चित्रकार होऊन गेला, 1699 ते 1779. मोठे लोक राजेरजवाड्यांच्या तसबिरी रंगवत असताना हा स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी, कांदे, पाण्याचा पेला रंगवत बसला. म्हातारपणी डोळे बिघडले, तैलरंग झेपेनात, तेव्हा त्याने पेस्टल हाती घेतला. आपल्याकडे पाहायचे तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान. पूर्ण नाव अब्दुल अझीझ. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, 1888 मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवले आणि मुंबईत न राहता कोल्हापूरला परतला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केले. कोटितीर्थ तलावाच्या परिसरात ते राहिले आणि तोच तलाव, तीच झाडे, तोच बदलता उजेड वर्षानुवर्षे रंगवत राहिले. रंग विकत घ्यायला पैसे नसत तेव्हा पानाफुलांचे आणि मातीचे रंग करत, असे सांगतात. 1931 साली ते वारले. कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि कोल्हापूरच्या पुढच्या पिढीने त्यांना गुरुस्थानी मानले. आमच्या मुलांना पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन ऐकून ठाऊक असतात, आबालाल मात्र एकालाही ठाऊक नव्हते. मराठी मुस्लिम घरांनी हे नाव विसरावे याचे आम्हांला वाईट वाटते, आणि ते आम्ही वर्गात बोलूनही दाखवतो.

चित्र झाले की ते टिकवायचे कसे, हा प्रश्न उरतो. कोळसा आणि खडू दोन्ही कागदावर नुसते टेकलेले असतात, बाही लागली की पुसले. दुकानात फिक्सेटिव्ह मिळते. काही जण केसांचा स्प्रे मारतात, पण तो पेट घेणारा असतो, चुलीजवळ किंवा बंद खोलीत मुळीच नको. व्हॅन गॉग आपल्या पेन्सिलचित्रांवर दूध-पाणी वापरत असे. आम्ही साय काढलेले पातळ दूध फवारून पाहिले. कोळसा बराच बसला, पण चार दिवसांनी मुंग्या लागल्या. आता वर पतंगाचा कागद ठेवून चारही कोपरे चिकटवतो आणि चित्रे आडवी ठेवतो.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी आम्ही मुलांना सांगितले, आता मांडणी तुमची, घरातल्या वस्तू घ्या. कोणी शेवयांचे पातेले घेतले, कोणी कंदील. दादीची ती नात, जी आता नववीत आहे, तिने अब्बांचा डबा घेतला. तिचे अब्बा दारूकामावर जातात. जर्मनचा तीन खणांचा डबा, शेजारी घडी केलेला टॉवेल, आणि बाजूला काढून ठेवलेले घड्याळ. आम्ही विचारले, घड्याळ का? ती म्हणाली, कामावर अब्बा घड्याळ नेत नाहीत, घरी ठेवून जातात. मग तिची अम्मी दिवसभर तेच पाहते.

यावर आम्हांला काही बोलता आले नाही. सावल्या कशा पडल्या आहेत तेवढे पाहिले. डब्यावरचा उजेड तिने खडूने नव्हे, खोडून काढला होता, खाकी कागदच चमकत होता. टॉवेल काळा होता, घड्याळाच्या काचेवर पांढरा एकच ठिपका.

चित्र शाळेच्या भिंतीवर लावले. मोसम संपल्यावर तिचे अब्बा एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, टोपी न काढताच आले. बराच वेळ उभे राहिले. हात मागे बांधलेले, नखांत काळे. मग मुलीकडे वळून म्हणाले, "कडी उल्टी बनाई तू. मेरा डब्बा उधरसे खुलता."

मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही चित्र भिंतीवरून उतरवून तिच्या हातात दिले आणि काड्यांचा डबा पुढे केला.